हडंब्यात गेलेल्या हाताचा हिशेब



दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनच्या गंज्या लागतात आणि शिवाराशिवारातून हडंब्याचा आवाज येऊ लागतो. दरवर्षी या दिवसांत मी तुम्हाला मळणीच्या चार गोष्टी सांगतो. काड किती वाळलेले असावे, ड्रमचे फेरे किती ठेवावेत, बियाण्याचे सोयाबीन असेल तर ते कमी का करावेत, वगैरे. यंदा दाण्याचे राहू द्या. यंदा यंत्राच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या माणसाविषयी लिहितो आहे. हे फार आधी लिहायला हवे होते. का लिहिले नाही, ते आधी सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

२००३ सालची गोष्ट. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका तालुक्यात कामाला होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्यातली माणसे अजून तिथेच नांदत आहेत. सोयाबीनची मळणी चालू होती. आभाळ भरून आलेले, मालकाची घाई, अर्धी गंजी शिल्लक. तोंडाशी काड सारायला पस्तिशीची एक बाई होती. ओलसर काडाचा गुंता तोंडाशी अडकून बसला, तो रेटायला तिने हात पुढे केला आणि बांगड्यांसकट उजवा पंजा आत ओढला गेला. ट्रॅक्टर बंद होईपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. जिल्ह्याच्या दवाखान्यात हात मनगटाच्या वरून काढावा लागला. केसपेपरवर लिहून दिले, ‘घरी कडबाकुट्टीवर काम करताना इजा’. पोलिसांची झंझट नको म्हणून सोबतच्यांनी तसे सांगितले होते. त्या बाईच्या घरी जनावर म्हणाल तर एक शेळी होती, कडबाकुट्टी कुठली असायला!

पंधरा-वीस दिवसांनी मारुतीच्या पारावर बैठक बसली. मलाही बोलावणे आले, कारण साहेब म्हणून दोन्हीकडच्या लोकांचा माझ्यावर भरवसा. मालक वाईट माणूस नव्हता. दवाखान्याचा खर्च त्याने केला होता, आणि वर पंधरा हजार रुपये देतो म्हणाला. पंचांनी त्याच्या माणुसकीची वाखाणणी केली. स्टँप पेपर आणला गेला. ‘यापुढे माझी कोणतीही तक्रार अगर मागणी राहणार नाही’ असे त्यावर लिहायचे ठरले. लिहायचे कोणी? ज्याचे अक्षर चांगले त्याने. तो कागद मी लिहिला. बाईने डाव्या हाताचा अंगठा उठवला. घरी येताना मला बरे वाटत होते की गावातले एक भांडण आपण सामोपचाराने मिटवले.

मी बी.एस्सी. कृषी. जमिनीचा सामू, खताच्या मात्रा, किडींच्या अवस्था आम्हाला शिकवल्या. मजुराचा हात तुटला तर त्याचे पुढे काय, हे कोणत्याच पुस्तकात नव्हते. ते मला कळले २००६ साली. तालुक्याला विधी सेवा समितीचे शिबिर होते, तिथे मी पीक विम्यावर बोलायला गेलो होतो. माझ्या आधी एक वकील उभे राहिले. ते बोलत होते आणि मी खाली बसून घाम पुसत होतो.

कामावर इजा झालेल्या कामगाराला मालकाने भरपाई द्यावी असा कायदा आपल्या देशात १९२३ सालापासून आहे. आपल्याकडे बहुतेकांना वाटते की तो कारखान्यातल्या लोकांसाठी. तसे नाही. कोणत्या कामांना तो लागू आहे याची यादी कायद्याला जोडलेली आहे आणि तिच्यात ट्रॅक्टरने किंवा इंजिन-विजेवर चालणाऱ्या यंत्राने केलेली शेती आहे, यंत्राने कापणी-मळणी आहे, पिकावर औषध फवारणे आहे, सुरुंग लावून केलेले खोदकामही आहे. म्हणजे हडंबा आला, फवारणीचा गडी आला, विहिरीवरचा सुरुंगवालाही आला. ‘ती काय कायमची होती का, दोन दिवसांची रोजंदारीची बाई’ असे म्हणून सुटता येत नाही. नैमित्तिक मजुराला वगळणारी जी पळवाट पूर्वी होती ती २००० सालच्या दुरुस्तीने बंद झाली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला आहे. नाव बदलले, हिशेबाची रीत तीच राहिली. ती समजून घ्या, पाचवी-सहावी शिकलेल्यालाही जमेल.

महिन्याची मजुरी धरा. तिचे शेकडा ६० काढा. त्याला वयाच्या आकड्याने गुणा. हा आकडा कायद्याच्या तक्त्यात दिलेला असतो. वय जितके कमी तितका तो मोठा, कारण पुढची कमावती वर्षे जास्त. विसाव्या वर्षाला २२४, पस्तिसाव्याला १९७.०६, पन्नासाव्याला १५३.०९. गुणाकार आला की ती झाली पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वाची भरपाई. अपंगत्व पूर्ण नसेल तर त्यातला जितका टक्का कमाईची शक्ती गेली तितका भाग. कोणत्या इजेला किती टक्के, याचाही तक्ता आहे. मनगटापासून हात गेला तर ६०. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. अंगठा गेला तर ३०, नुसती तर्जनी मुळापासून गेली तर १४. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर ४०. दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गेले तर पूर्ण शंभर.

आता आजच्या काळातला हिशेब मांडू. पस्तीस वर्षांची बाई, महिन्याला मजुरी ९,००० रुपये. शेकडा ६० म्हणजे ५,४००. गुणिले १९७.०६. झाले १०,६४,१२४. हात मनगटापासून गेला म्हणून त्याचे ६० टक्के, म्हणजे ६,३८,४७४ रुपये. नुसता अंगठा गेला असता तरी ३,१९,२३७. दवाखान्याचा प्रत्यक्ष झालेला खर्च याच्यापेक्षा वेगळा. २००९ च्या दुरुस्तीपासून तोही मालकानेच भरायचा आहे. मजुरी मोठी असेल तर एक लक्षात ठेवा, जानेवारी २०२० पासून हिशेबाला महिना १५,००० रुपयांपर्यंतचीच मजुरी धरली जात आली आहे.

त्या शिबिरात वकिलांनी एक निकाल सांगितला, तो मी विसरलेलो नाही. ओरिसातल्या जेपूर गावी एका चित्रपटगृहात सुतारकाम चालले होते. ६ जुलै १९६८ रोजी एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की तक्त्यात या इजेला जे टक्के लिहिलेत तेवढ्यापुरतीच भरपाई द्यावी, माणूस पूर्ण निकामी झालेला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालय म्हणाले, सुतारकाम एका हाताने होत नाही; या माणसाची सुतार म्हणून कमाईची सगळी शक्ती गेली, तेव्हा अपंगत्व शंभर टक्के. आणखी एक सांगितले, की भरपाईचे देणे अपघाताच्या दिवसापासूनच लागू होते, निकालाच्या दिवसापासून नव्हे.

या निकालाचा तुमच्या-आमच्याशी संबंध असा. अपंगत्वाच्या दाखल्यावर डॉक्टर जो टक्का लिहितात तो शरीराचा असतो. भरपाई मोजायची ती कमाईची. दोन्ही आकडे एकच असतील असे नाही. दुकानात बसणाऱ्याचा हात गेला तर तो वजनकाटा तरी धरील. पण जिची सगळी मजुरी विळ्यावर आणि पेंढ्या बांधण्यावर, तिने एका हाताने काय कापावे आणि कशाने बांधावे? तेव्हा नुसता दाखला पुढे करू नका. हे माणूस पूर्वी कोणते काम करत होते आणि आज त्यातले काय करू शकते, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तोंडानेही सांगा.

शिबिरातून घरी आल्यावर मी कागद घेऊन बसलो. २००३ साली त्या बाईची मजुरी महिन्याला हजार रुपये धरली तर १९७.०६ च्या आकड्याने पूर्ण भरपाई होत होती १,१८,२३६ रुपये. तक्त्याप्रमाणे साठ टक्के धरले तरी ७०,९४१. मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिले होते पंधरा हजार.

दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची. ती उलटून गेली होती. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, आणि कायद्यातला हक्क सोडून देणारा करार मुळात रद्दबातल असतो, असे वकील म्हणाले होते. म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. नवरा बाहेर खाटेवर बसला होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘साहेब, तुम्हीच लिहिलेला कागद आता तुम्हीच खोटा म्हणता. आम्ही कोणत्या तोंडानं जावं? त्यांच्याच शेतात माझी मजुरी चालू आहे.’’ बाई आत डाव्या हाताने पीठ मळत होती. परात सरकू नये म्हणून तिने ती भिंतीला टेकवून पायाने दाबून धरली होती. त्यांनी दावा केला नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही, आणि या सदरातही इतकी वर्षे लिहिला नाही.

आता काही वाचक म्हणतील, साहेब मजुराच्या बाजूने लिहितात. तीन एकरवाल्याने सहा लाख कुठून आणायचे? हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळत नाही. आपल्याकडे मालक आणि मजूर अशा दोन जाती नाहीत. ज्याच्या घरी तीन एकर, त्याचीच बायको सुगीत दुसऱ्याच्या हडंब्यावर जाते. पण हात तुटला की नुकसान तर कोणाच्या तरी पदरात पडतेच. आजवर ते जिचा हात गेला तिच्याच पदरात टाकून आपण पारावरून उठत आलो.

यावर मार्ग विम्याचा आहे. कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. किती मजूर, कोणते काम, किती मजुरी यावर हप्ता ठरतो. हडंबा भाड्याने फिरवणाऱ्याने तर ती घेतल्याशिवाय यंत्र बाहेर काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पोत्यामागे दर घेताना डिझेल धरतो, पट्टे धरतो, मग हप्ता का धरू नये? ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून निश्चिंत राहू नका. हडंब्यावर काड सारणारे मजूर त्यात येतीलच असे नाही, पॉलिसीचा कागद एजंटाकडून वाचून घ्या. आणि पॉलिसी असली तरी वेळेवर पैसे न दिल्याबद्दलचा दंड मालकाच्याच खिशातून जातो. देय झाल्यापासून महिन्याच्या आत भरपाई दिली नाही तर शेकडा १२ व्याज लागते, आणि दिरंगाईला कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

हडंबा एकाचा, शेत दुसऱ्याचे आणि मजूर मुकादमाने आणलेले, असे पुष्कळदा असते. मग जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मजुराने या वादात पडू नये. मजूर कोणी लावले, मजुरी कोण देत होता, काम कोणाच्या हुकमाने चालले होते, हे अधिकारी पाहतील. अर्जात सगळ्यांची नावे घालावीत.

‘तिचीच चूक होती, हात घातलाच का?’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत हमखास निघते. कायदा निष्काळजीपणा पाहत नाही. दिवसभर तोंडाशी उभे राहणाऱ्याचा हात कधीतरी चुकणारच, हे गृहीत धरूनच तो केलेला आहे. मालकाला नाही म्हणता येते ते मजूर दारूच्या अमलाखाली असेल, सुरक्षिततेचा सांगितलेला नियम मुद्दाम मोडला असेल किंवा बसवलेले संरक्षण जाणूनबुजून काढले असेल तर. आणि तेही मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आले असेल तेव्हा चालत नाही.

अपघात झालाच तर पहिल्या दिवशी काय करायचे ते नीट ऐका, कारण निम्मी प्रकरणे तिथेच बुडतात. दवाखान्यात खरे सांगा. केसपेपरवर ‘अमुक गावी, मळणीयंत्रावर मजुरीचे काम करताना’ असे लिहून घ्या. पोलिसांत खबर द्या, पंचनामा होऊ द्या. त्याने मालक लगेच तुरुंगात जातो असे नाही, उलट विमा असेल तर त्यालाही हाच कागद लागतो. सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावे लिहून ठेवा, कारण मजुरीची नोंद आपल्याकडे कोणाकडेच नसते आणि तेच तुमचे हजेरीपुस्तक. मालकाला लेखी कळवा, पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा. समझोता करायचाच असेल तर तो भरपाईचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यापुढे नोंदवा. रक्कम अपुरी दिसली तर तो नोंद नाकारू शकतो. पूर्वी या अधिकाऱ्याला कमिशनर म्हणत, संहितेत सक्षम प्राधिकारी म्हटले आहे. तुमच्या जिल्ह्यात हे काम कोण पाहतो ते तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत विचारा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती यांना ही समिती वकील फुकट देते.

घरच्या माणसाचा हात घरच्याच यंत्रात गेला तर हा कायदा कामाचा नाही, कारण तिथे मालक-मजूर नाते नाही. त्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. २०२३ पासून विमा कंपनीला बाजूला करून सरकारच ते अनुदान देते. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर एक लाख. दोन अवयव गेले किंवा मृत्यू झाला तर दोन लाख. सातबाऱ्यावरचा खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक जण, वय १० ते ७५. अर्ज आमच्याच तालुका कृषी कार्यालयात, तीस दिवसांच्या आत. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्या मजुराला ही योजना नाही. मालकिणीचा हात गेला तर लाख रुपये आणि शेजारी उभ्या मजुरणीचा गेला तर काहीच नाही, हे मला पटत नाही. आमच्या वरिष्ठांना मी ते बोलून दाखवले आहे.

मजुराच्या हाताशी असलेली स्वस्त गोष्ट म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये, १ जून ते ३१ मे. बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या कोणालाही घेता येते. एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेला तर एक लाख, दोन गेले किंवा मृत्यू झाला तर दोन लाख. बोटे गेली तर मात्र त्यातून काही मिळत नाही. हा मजुराचा स्वतःचा विमा आहे, मालकाची जबाबदारी त्याने फिटत नाही. तरीही मळणीच्या आधी आपल्या सहा मजुरांचे १२० रुपये बँकेत भरणारा एक मालक मला माहीत आहे.

तो त्याच गावचा आहे. २००३ साली ज्याच्या खळ्यावर ते घडले, त्याचा मुलगा. मागच्या सुगीत त्याने मला हडंबा दाखवायला बोलावले. तोंडाची जुनी आखूड पत्र्याची सूप काढून त्याने नवी बसवून घेतली होती. मी टेप लावून मोजली. प्रमाणित मापाप्रमाणे ती ९० सेंटिमीटर तरी लांब हवी आणि यंत्राकडचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा, म्हणजे हात कितीही पुढे गेला तरी ड्रमच्या दातांपर्यंत पोचत नाही. लांबी बरोबर होती, झाकण बोटभर कमी भरले. लोहाराला बोलावून ते त्याच दिवशी वाढवून घेतले.

तुमच्या गावात यंदा जो हडंबा येईल त्याच्या तोंडाला, तो बंद असताना, टेप लावून पाहा. ९० आणि ४५.